टेकडीवर उतू गेलेलं दूध

कॅनडाहून परतल्यापासून साताऱ्यात जो भेटतो तो विचारतो, "मग, काय काय पाहिलंत?" मी सांगते, टेकडी पाहिली. समोरचा माणूस मान डोलवतो आणि पुढच्या नावाची वाट बघत उभा राहतो. धबधबा पाहिला, संसद पाहिली, गोठलेल्या कालव्यावर घसरणारी माणसंही गाडीच्या काचेतून पाहिली. त्यांचे फोटो आहेत, घरी आलात तर चहाबरोबर दाखवीन. पण लिहायला बसले आहे ती टेकडीबद्दलच. धडधाकट माणसाला ती चढायला चहा उकळायला लागतो तेवढाच वेळ लागतो. मला सगळा हिवाळा लागला.

खिडकीतून

आधी माणसं सांगते, म्हणजे घोळ होणार नाही. कनाटा हा ओटावा शहराचा पश्चिमेकडचा भाग. एकसारखी घरं, एकसारखे गॅरेजचे दरवाजे आणि पलीकडे टेलिकॉम कंपन्यांच्या काचेच्या इमारती. माझी लेक केतकी आणि जावई अनिरुद्ध बरीच वर्षं तिथे आहेत. डिसेंबरात केतकीला बाळ होणार, म्हणून २०१६च्या नोव्हेंबरात मी गेले. त्याच आठवड्यात नागपूरहून अनिरुद्धची आई, म्हणजे माझी विहीण विमलताई, याही येऊन दाखल झाल्या. दोन्ही आज्या एकदम बोलावू नका रे बाबांनो, असं त्यांच्या मित्रांनी बजावलं होतं म्हणे. ऐकतंय कोण! घरात दोन 'आई' झाल्यावर अनिरुद्धनं नावं पाडून टाकली. एक नागपूरची आई, एक साताऱ्याची आई.

नागपूरची आई अंगानं भरलेली, बोलायला गोड, हाताला चव अशी की वांग्याची भाजी पुरवून खावी. पण व्यायामाशी उभं वैर. बेसमेंटमधून वर येताना मधल्या पायरीवर बसणार आणि म्हणणार, "थांबा जी, जरा दम घेऊ द्या." आणि मी कोण? मुलींच्या शाळेत जन्मभर पी.टी. शिकवलेली बाई. निवृत्त झाले तरी रोज पहाटे अजिंक्यतारा चढते, वाटेत गप्पा मारत रेंगाळणाऱ्यांना ओलांडून पुढे जाते. विमलताईंकडे पाहून मी मनातल्या मनात त्यांना नापास करून टाकलं होतं.

तर दुसऱ्याच आठवड्यात काय झालं, कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला नेऊन ठेवायचा दिवस होता. अनिरुद्ध म्हणाला, "आई, दोन मिनिटं थांबा, मी आधी सॉल्ट टाकतो." मी म्हटलं, अरे, भर पावसात शेवाळावरून गड चढते मी, तू कसलं मीठ टाकतोस! आणि डबा ओढत गॅरेजपुढच्या ड्राइव्हवेवर उतरले. तिसऱ्या पावलाला आकाश दिसलं.

तिथे काळा बर्फ म्हणून एक प्रकार असतो, मीठ टाकतात ते तोच वितळवायला. काळा-बिळा काही नसतो तो. काचेसारखा आरपार दिसणारा पापुद्रा, खालचं डांबर स्वच्छ दिसतं, आपल्याला वाटतं रस्ता नुसता ओला आहे. मी पाठीवर पडले, वर डबा पडला, आणि डब्यातलं सगळं माझ्या अंगावर. मनगट मुरगळलं, पाठ निळी झाली. हाडं शाबूत राहिली, धीर मात्र सुटला.

सुटला म्हणजे अगदी सुटलाच. महिन्याभरात मनगट बरं झालं, पण गॅरेजच्या दाराशी आले की पोटऱ्या थरथरायला लागायच्या. बाहेर पांढरं दिसलं की पाऊल उचलायचं नाहीच. मी सबबी सांगायची. बाळाला तेल लावायचंय, डोकं धरलंय, केतकीसाठी डिंकाचे लाडू वळायचेत. लाडू इतके वळले की अनिरुद्ध ऑफिसात वाटून आला. मी घाबरले आहे हे मात्र कुणाला सांगितलं नाही. साताऱ्यात माझ्या शिट्टीला मुली घाबरायच्या, मी कुणाला काय सांगणार?

आणि विमलताई? पायऱ्या चढताना धापा टाकणारी ही बाई साडी स्नोपँटमध्ये खोचून, वर अनिरुद्धचा जुना कोट घालून, बदकासारखी डुलत खुशाल बाहेर पडायची. कोपऱ्यावरच्या पेट्यांतून टपाल आण, ग्रोसरीला जा, शेजारणीशी हिंदीत बोलून ये. शेजारीण मूळची पोर्तुगालची होती, पण विमलताईंचं काही अडलं नाही. परत आल्या की नाक लालेलाल, आणि म्हणायच्या, "विहीणबाई, कित्ती छान वाटून राहिलं बाहेर!" माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मी म्हणायची, हो का, आणि लाडू वळायची.

टेकडी मी रोज बघत होते. सिंकपुढच्या खिडकीतून ती समोर दिसायची. साताऱ्यात असल्या उंचवट्याला कुणी नावही ठेवणार नाही, बकऱ्या चरायला सोडतील इतकंच. तिथेही तिला नाव नव्हतं. अनिरुद्ध म्हणाला, "आई, ही घरं बांधली ना, तेव्हा बेसमेंट खणताना निघालेली माती तिथे टाकत गेले. टाकून टाकून टेकडी झाली." म्हणजे आमच्याकडे विहीर खणली की बाजूला ढीग पडतो तो! पण त्या ढिगावर संध्याकाळी मुलं घसरगाड्या घेऊन लोळायची, आणि सकाळी उजाडता उजाडता लाल टोपीतले एक आजोबा तपकिरी कुत्र्याला घेऊन माथ्यावर उभे असायचे. पहिलं ऊन त्या दोघांवर पडायचं. आमच्या डेकवर, म्हणजे घराला जोडलेल्या लाकडी ओट्यावर, ते यायला दुपार व्हायची.

फेब्रुवारीच्या शेवटी मी परत निघणार होते. भांडी विसळता विसळता मला एकच धास्ती खायची. ही भीती माझ्याबरोबर विमानात बसणार, साताऱ्याला उतरणार, आणि मग मी गडाच्या पायथ्याशीही अशीच उभी राहणार. बाकीचे ओलांडून पुढे जातील. एकदा, फक्त एकदा त्या मातीच्या ढिगावर स्वतःच्या पायांनी जाऊन यायचं होतं. आणि जमत नव्हतं.

आदल्या दिवशी

फेब्रुवारी लागला आणि रथसप्तमी आली. सकाळी चहाला विमलताईंनी विषय काढला, "उद्या दूध कुठं उतू घालायचं?"

केतकीनं आणि अनिरुद्धनं एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनाही हसू फुटलं. आदल्या वर्षी केतकीनं हौसेनं घरात, काचेच्या सपाट शेगडीवर पातेली ठेवून दूध उतू घातलं होतं. दूध उतू गेलं, काचेवर जळलं, घरभर धूर झाला आणि छताला लावलेला अलार्म असा कोकलला की समोरच्या घरातला माणूस स्लिपरवरच धावत आला. जळका डाग शेगडीवर अजून आहे. "तेव्हा घरात नाही हं," केतकी म्हणाली. "प्लीज. बाळ झोपलेलं असतं."

"घरात कोण म्हणतंय? सूर्याला दाखवायचं तर सूर्य दिसला पायजे," विमलताई म्हणाल्या. "मी तिकडं जाते, त्या टेकडीवर. तो टोपीवाला म्हातारा रोज जाते, तर मी काऊन नाही?"

अनिरुद्धला कल्पना भलतीच आवडली. उन्हाळ्यात कॅम्पिंगला नेतात ती डबीएवढ्या गॅसची छोटी शेगडी त्याच्याकडे होती, तो ती शोधायला बेसमेंटमध्ये पळाला. मग दुधात तांदूळ घालायचे की नाही यावर आमची जुंपली. आमच्याकडे नुसतं दूध, त्यांच्याकडे तांदळाचे चार दाणे हवेतच. मी म्हटलं, तांदूळ घातले की ती खीर झाली, उतू घालणं कुठे राहिलं? त्या म्हणाल्या, नुसतं दूध म्हणजे चहाचं आधण. शेवटी केतकी म्हणाली, आधी नुसतं उतू घाला, मग तांदूळ टाका, आणि मला झोपू द्या.

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग विमलताईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "तुम्ही नका दगदग करू विहीणबाई. खिडकीतून पाहा. तुमच्या नावानंबी मी घालते ना उतू."

माझ्या नावानं! लग्न होऊन सासरी आले त्या वर्षापासून एक रथसप्तमी चुकवली नाही. शाळेचा संचलनाचा सराव असो, घरात आजारपण असो, अंगणात गोवरी पेटवून दूध मी उतू घातलं. आणि आता माझ्या नावानं दुसरं कुणी घालणार, मी काचेआडून बघणार? तोंडातून निघून गेलं, "मी येणार आहे. दूध मी घेते, थर्मासमध्ये. गरम नेलं की लवकर उतू जाईल."

केतकी म्हणाली, "आई, अगं पुन्हा पडलीस तर?"

"पडले तर उठेन," मी म्हटलं. बोलून तर बसले होते.

रथसप्तमी

पहाटे उठून खिडकीत पाहिलं, बाहेर निळसर अंधार आणि धुराड्यांतून सरळ वर चाललेला धूर. अनिरुद्धनं फोन बघून सांगितलं, उणे बावीस, वारा जवळजवळ नाही, म्हणजे छान हवा आहे. तिथले लोक खरंच असं बोलतात. विंड चिल, म्हणजे वाऱ्यानं वाढणारा गारठा, नसेल तर उणे बावीसला ते छान हवा म्हणतात.

कपडे चढवण्यातच माझा अर्धा जोर संपला. आत गरम इजार, वर माझी पी.टी.ची पँट, वर स्नोपँट, दोन स्वेटर, केतकीचा पार्का म्हणजे जाडजूड टोपीवाला कोट, कानटोपी, मफलर. अनिरुद्धनं माझ्या बुटांवर खिळे असलेले रबरी पट्टे चढवले. त्यांना क्लीट्स म्हणतात, आणि बर्फात ते पकड देतात. त्यानं आईलाही विचारलं. "मला नको ते खिळे-बिळे," विमलताई म्हणाल्या, "मी काय बैल आहो का?" त्यांच्या पिशवीत हळदकुंकू, छोटी पितळी पातेली, तांदळाची पुडी आणि तीळगूळ. अनिरुद्धच्या हातात शेगडीची पेटी. माझ्या गळ्यात थर्मास. केतकी बाळाला खांद्यावर घेऊन दाराशी आली आणि तिनं माझा मफलर नाकावर ओढून नीट बसवला.

अनिरुद्धनं बटण दाबलं, गॅरेजचं दार घरघरत वर गेलं, आणि थंडी तोंडावर आदळली. पहिला श्वास घेतला आणि नाकातले केससुद्धा ताठ झाले. ड्राइव्हवे मी जावयाच्या दंडाला धरून ओलांडला. धरून म्हणजे कसं, तर तो नंतर म्हणाला, दोन कोटांवरून बोटांचे वळ उठले होते. रस्त्यावरची खडी-मिठाची वाट बरी होती. मग टेकडीची पायवाट सुरू झाली.

पायवाट म्हणजे मुलांच्या घसरगाड्यांनी आणि लोकांच्या बुटांनी दाबून दाबून गुळगुळीत झालेला पट्टा. दोन्हीकडे मऊ, न तुडवलेला बर्फ, मधोमध ही चकाकणारी पट्टी. विमलताई पुढे निघाल्या, दर चार पावलांवर दम घेत, पण बिनघोर. मी मागून अनिरुद्धचा हात धरून. अर्ध्याहून जास्त चढलो असू. तिथे चढ जरा तीव्र झाला, माझा उजवा पाय किंचित सरकला. खिळ्यांनी लगेच धरलं, काही झालं नाही. पण माझ्या दृष्टीनं सगळं झालं होतं.

पाय उचलेनात. पुढे नाही, मागे नाही. अनिरुद्ध म्हणाला, "आई, मी धरलंय ना, या." मला ते कळत होतं, पण पोटऱ्यांना कळत नव्हतं. वर विमलताई पोचल्या होत्या, त्यांची आकृती माथ्यावर दिसत होती. पूर्वेला घरांच्या छपरांवर तांबूस रेघ उमटली होती. मी म्हटलं, "तू जा वर. सूर्य थांबायचा नाही तुमच्यासाठी. मी इथे उभी आहे, इथूनच नमस्कार करते."

"नक्की? तुम्ही हलू नका मग," तो म्हणाला, आणि मला पायवाटेच्या कडेला नीट उभी करून वर गेला. हलू नका म्हणे! हलता आलं असतं तर काय हवं होतं. असली लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. गळ्यात थर्मास तसाच राहिला, हे गडबडीत ना त्याच्या लक्षात आलं ना माझ्या.

त्या थंडीत आवाज फार स्वच्छ ऐकू येतो. वरून शेगडीचं बटण ऐकू आलं, टक. टक. टक टक टक. मग विमलताई म्हणाल्या, "पेटून काऊन नाही राहिली?"

"ब्यूटेन आहे ना आई," अनिरुद्ध म्हणाला. "इतक्या थंडीत त्याचा गॅसच होत नाही. कॅनमध्ये नुसतं पाणी झालंय त्याचं."

"हे तुला घरी नाही आठवलं? इंजिनीअर आहे न तू?"

"मी नेटवर्कवाला आहे, आई!"

मी खाली उभी होते तरी हसू आलं. कॅम्पिंगला हे लोक जुलैत जातात, शेगडी तेव्हा मस्त पेटते. फेब्रुवारीत टेकडीवर दूध तापवायला जाणारे आमच्यासारखेच, त्यामुळे हा अनुभव कुणाला असणार!

मग वरून एक किंकाळी आली, "बाप्पा रे!" मी दचकले. विमलताईंनी तो बर्फासारखा गार गॅसचा डबा हिसकावून घेतला होता आणि कोट, स्वेटर, शाल सगळं उघडून थेट पोटाशी धरला होता. "ऊब दिली की होते न गॅस? मग मी देते!" आणि डबा पोटाशी कवटाळून ती भरलेल्या अंगाची बाई माथ्यावर थयथय नाचायला लागली. तेवढ्यात पलीकडच्या अंगानं लाल टोपीवाले आजोबा कुत्र्यासकट वर आले आणि थबकले. सगळं ठीक आहे ना, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. अनिरुद्धनं काय समजावलं ते मला ऐकू आलं नाही, पण बघते तर ते आजोबा वाऱ्याच्या बाजूला पाठ करून शेगडीला आडोसा देत उभे राहिले होते.

टक. टक. भप्प!

"पेटली!" विमलताई ओरडल्या. मग लगेच, "दूध! दूध कुठाय? विहीणबाई, दूध तुमच्याकडे!"

अनिरुद्ध गुडघ्यांवर बसून जाकिटाचे दोन्ही पदर पसरून आच सांभाळत होता, त्याला उठता येईना. डबा पुन्हा गार झाला की संपलं, हे सगळ्यांना कळत होतं. छपरांवरची रेघ आता केशरी झाली होती. लाल टोपीवाले आजोबा "मी आणतो" अशी खूण करून माझ्या दिशेनं चार पावलं उतरलेही.

इतक्या वर्षांचं दूध, आणि ते माझ्या हातातून एक परका म्हातारा नेऊन देणार? मी हात उंचावला आणि मैदानावरच्या आवाजात ओरडले, "स्टॉप!" आजोबा होते तिथे थांबले. कुत्रा खाली बसला. अनिरुद्धनंही म्हणे पाठ ताठ केली.

मग तोच आवाज मी स्वतःला लावला. मोठ्यानं, लाज न बाळगता. "सावधान!" टाचा जुळल्या. "पुढे चल!" आणि डावा पाय उचलला. तो त्या गुळगुळीत पट्टीवर ठेवलाच नाही, कडेच्या मऊ बर्फात ठेवला. पाय गुडघ्यापर्यंत आत गेला आणि घट्ट बसला. हलेना की सरकेना. अगं बाई! मी उजवा टाकला, तोही रुतला, घट्ट. इथे पडायचं म्हटलं तरी पडता येत नव्हतं. इतके दिवस मी तुडवलेल्या वाटेला घाबरत होते आणि न तुडवलेला बर्फ हात दोन हातांवर होता.

"एक-दोन! एक-दोन!" गुडघे छातीपर्यंत उचलत, रुतवत, उपसत मी निघाले. श्वास धुरासारखा तोंडातून निघत होता, थर्मास छातीवर आपटत होता. चढ तसा थोडाच, पण गुडघाभर बर्फातून चढायचा म्हणजे गड परवडला. वरून विमलताई टाळ्या वाजवत ओरडत होत्या, "या! या विहीणबाई! शाब्बास!" आजपर्यंत शाब्बास मी म्हणत आले, मला कुणी म्हणत नव्हतं. एक-दोन, एक-दोन, आणि पायाखालचा चढ संपला. पुढे सगळं सपाट होतं.

बोलायला दम नव्हता. थर्मास उघडला, पातेलीत दूध ओतलं. विमलताईंनी तोवर बोटानं बर्फात सूर्य काढून ठेवला होता, किरणांसकट, रथाचं एक चाक आणि घोड्यांची तोंडं. घोडे जरा बकऱ्यांसारखे झाले होते, पण वर हळदकुंकू पडल्यावर पांढऱ्यावर असे खुलून दिसले की मी नावं ठेवली नाहीत. आम्ही चौघं पातेलीभोवती खांद्याला खांदा लावून बसलो. दुधावर साय धरली, कडेनं बुडबुडे आले. आच लहान व्हायला लागली होती. "ए, थांब, थांब," अनिरुद्ध शेगडीला विनवत होता.

आणि दूध फुगलं. वर आलं, काठाशी क्षणभर थबकलं, आणि पूर्वेच्या बाजूनं भरभरून ओघळलं! त्याच वेळी, अगदी त्याच वेळी म्हणाले तर तुम्ही म्हणाल ही बाई तिखटमीठ लावते, म्हणून सांगते, दोनचार श्वासांनंतर छपरांमागून सूर्याची कड वर आली. सगळा माथा गुलाबी झाला. घरं अजून निळ्या सावलीत होती, उजेडात होतो आम्ही, एक कुत्रा आणि उतू गेलेलं दूध. मी हात जोडले आणि मला रडू आलं. पापण्यांवरच गोठलं ते, पुसताही येईना. विमलताईंनी माझ्या पाठीवर एक दणका घातला. "आल्या की नाही वर! मला माहीत होतं न!"

"तुम्हाला काय माहीत होतं?"

"तुम्ही भिता ते," त्या म्हणाल्या. "म्हणूनच तर म्हटलं मी, तुमच्या नावानं घालते म्हणून. साधं 'चला' म्हटलं असतं तर आल्या असत्या का?"

जिला मी नापास करून बसले होते, तिनं मला बरोबर ओळखलं होतं. मग मी तिला घट्ट मिठी मारली, दोन पार्क्यांसकट जेवढी मारता येते तेवढी, आणि म्हटलं, "घाला तुमचे तांदूळ."

तांदूळ शिजले नाहीत, शेगडी तोवर विझलीच. पण कच्च्या दाण्यांचं ते कोमट गोड दूध थर्मासच्या झाकणातून सगळ्यांनी घोट घोट घेतलं. लाल टोपीवाल्या आजोबांना अनिरुद्धनं सणाचा अर्थ सांगितला. ते म्हणाले, सूर्य आला म्हणून त्याचे आभार मानायला मी इथे रोज येतो, फक्त दूध आणायचं कधी सुचलं नाही. त्यांनी तीळगूळ घेतला, चावला, आणि दाताकडे हात नेला. गार होऊन दगड झाला होता तो. बर्फावर सांडलेलं दूध कुत्र्यानं सूर्यासकट चाटून साफ केलं. मी खिडकीकडे वळून दोन्ही हात वर केले. खाली सावलीतल्या त्या पिवळ्या चौकोनात केतकीनं बाळाला उचलून धरलं. तिला माझा चेहरा दिसत नसणार, पण ती उड्या मारत होती एवढं मला नक्की दिसलं.

उतरताना मी पुन्हा कडेच्या बर्फातून निघाले, आपली वाट आपण पाडत. अनिरुद्ध पेटी घेऊन मागे. विमलताई मात्र ऐटीत त्याच गुळगुळीत पट्टीवरून. "ते तिकडून काय रेड्यासारख्या रुतून राहिल्या, इकडून या न!" असं त्या मला म्हणाल्या, आणि ते म्हणता म्हणताच त्यांचे दोन्ही पाय हवेत गेले. धप्पकन बसल्या आणि बसल्या बसल्या घसरत थेट टेकडीच्या पायथ्यापर्यंत. मी धावले. कशी धावले ते आठवत नाही. जवळ जाऊन बघते तर बाई पाय पसरून बसलेली, पदर स्नोपँटबाहेर लोंबतोय, आणि हसून हसून डोळ्यांतून पाणी वाहतंय. लागलं कुठेच नव्हतं. "उठवा न जी," त्या म्हणत होत्या आणि पुन्हा हसत होत्या. मी वाकून त्यांच्या काखेत हात घातला.

मागून अनिरुद्ध घाबरून ओरडला, "साताऱ्याच्या आई, थांबा! तुम्ही उभ्या आहात तिथे सगळा गुळगुळीत बर्फ आहे!"

"दिसतोय मला," मी म्हटलं. "तू तुझ्या आईचा दुसरा हात धर."